चौथी मूठ

मंगळवार, २९ जुलै

दोन दिवसांसाठी खोली देणाऱ्या माणसाला आपलं कुळ कशाला माहीत असायला हवं? दुपारपासून विचार करते आहे.

फोनवर आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. नाव रुपचंद. मी सांगितलं, शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी निघतो. त्यांनी विचारलं, "जोडपं शे ना?" हो म्हटलं. मग आडनाव विचारलं, मग कुळ. मग म्हणाले, "तुमना घरमा रोट ऱ्हातस का?" आमच्या रावेरच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसत नाही, तिच्या नैवेद्याच्या रोटांचं मला फारसं कळत नाही. फोन हेमराजकडे दिला. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ बोलत राहिला. वैशाखात पाईप कारखान्यातलं काम सुटल्यापासून तो माझ्याशीही इतकं बोललेला नाही.

आत येऊन म्हणाला, "आबा म्हणतात, पैशांचं नंतर बघू. आधी या."

तो इतक्यात त्यांना आबा म्हणायला लागला, हे मला गोड वाटलं.

जागा मी मोबाईलवर शोधली. नरडाण्याच्या पुढे, तापीकडच्या ओसाड रानात, सिमेंटच्या मोठ्या पाईपांमध्ये राहायच्या खोल्या केल्या आहेत. हेमराजने आयुष्यभर पाईप बाहेरून पाहिले, आता आतून बघू दे, असं गमतीने म्हटलं. तो हसला नाही. पण नकोही म्हणाला नाही.

येत्या सोमवारी मला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू व्हायचं आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा केळीच्या गाड्या भरतात, त्यांनी सगळ्या हमालांना पेढे वाटले. हेमराजने पेढा खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. मी कमवायला लागणार आणि तो घरी बसणार, हे त्याला टोचत असेल तर ते बोलून मिटवावं. दोन शिकलेली माणसं एवढं करू शकतात असा माझा विश्वास आहे. सोमवारच्या आधी मला माझा नवरा परत हवा आहे. ही सहल त्यासाठी.

(तोंडाने मी त्याला अहो म्हणते. इथे नाव लिहिते. निदान वहीत तरी आम्ही बरोबरीचे.)

शुक्रवार, १ ऑगस्ट

बॅग भरली. सकाळपासून चहाचा वासही नको झाला आहे. पित्त असावं. परीक्षा, मुलाखत, धावपळ, माझं सगळं वेळापत्रकच बिघडलं आहे, महिन्याचंसुद्धा. हवापालट झाला की बरं वाटेल.

शनिवार, २ ऑगस्ट, दुपार

गाडीत धरणगाव सोडलं आणि हेमराज आपणहून बोलायला लागला. त्याचं गाव अमळनेरजवळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घेतात. तान्ह्या मुलाचीही मूठ असते, सुरतेला कामाला गेलेल्याचीही. त्या गव्हाचं जे होईल ते घरच्यांनीच खायचं, बाहेर घास जाऊ द्यायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचं.

तो बारावीत असताना त्याचे वडील गेले. आई आधीच गेली होती. त्याच वर्षी काकांशी वाटणीवरून बिनसलं. त्या रविवारी तो काकांच्या ओट्यावर बसून आतल्या मुठी ऐकत होता. काकांची झाली, चुलतभावांची झाली, कुशीतल्या बाळाचीही झाली. मग काकूने सूप उचललं.

"माझं नाव आलंच नाही, दिपा."

मी म्हटलं, "अहो, माणसं काय मुठीने मोजतात का?"

"आमच्याकडे मुठीनेच मोजतात," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

लग्नाला दीड वर्ष झालं. हे मला आज कळलं.

नरडाण्याहून जीपने फाट्यापर्यंत आलो, पुढे पायी. जूनमध्ये दोनदा पाऊस झाला, त्यानंतर इकडे थेंब नाही. कपाशी वीतभरच आहे. थोडं चाललो तर शेतंही संपली. पुढे नुसत्या मातीच्या घळी, पिवळ्या, कोरड्या, तापीकडे उतरत गेलेल्या. बाभळी आणि निवडुंग. भर श्रावणात फुफाटा उडत होता. वाळवंट मी पाहिलेलं नाही, पण ते याच्यापेक्षा फार वेगळं नसावं. पक्षीसुद्धा ओरडत नव्हता.

घळीच्या तोंडाशी धाब्याचं एक मातीचं घर आहे. दारात झुंबरबाई उभ्या होत्या, रुपचंद आबांच्या बायको. सगळे त्यांना अक्का म्हणतात असं फोनवर कळलं होतं, पण 'सगळे' म्हणजे कोण, ते दिसलं नाही. अक्कांनी भाकरीचा तुकडा आणि पाणी आमच्यावरून ओवाळून टाकलं. मग हेमराजच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "आवंदा उशीर कया रे, नवल."

यंदा उशीर केलास, असं. मला वाटलं नाव चुकलं. मी म्हटलं, "अक्का, हे हेमराज."

"हा, हा," त्या म्हणाल्या, "ये वं माय, पाय धोय."

पाहुण्याला घरचं समजायची ही पद्धत मला आवडली. शहरात हे उरलेलं नाही. तुकडा ओवाळतात ते बाहेरून परत आलेल्या घरच्या माणसावरून, हे मला चालताना आठवलं. पण प्रथा गावोगाव बदलतात.

पाईप माणसापेक्षा उंच आहेत, घळीत एका रांगेत पडलेले. दोन्ही तोंडांना विटांची भिंत, एका भिंतीत दार. आत खाट, माठ, खुंटी. आबा मोठे गमतीदार आहेत. म्हणाले, "योजना उनी, पाईप उनात, पाणी काई उनं नही. मंग म्हनं, पाणी नही तं माणसं सोडूत पाईपमा!" उनी म्हणजे आली. हेमराज मनापासून हसला. बोटाने पाईप वाजवून त्याने तो कुठल्या प्रतीचा ते सांगितलं. किती महिन्यांनी तो काही तरी सांगत होता! माझा निर्णय बरोबर होता.

खुंटीवर एक धुतलेला पांढरा शर्ट होता. प्रवासाचा घाम म्हणून हेमराजने तो घातला. अगदी त्याच्या मापाचा निघाला.

आता टळटळीत दुपार आहे. हेमराज झोपला आहे. मघाशी पाठीमागच्या भिंतीतून अक्कांचा आवाज आला, "नवल... ए नवल..." अगदी कानाशी. त्यांचं घर इथून बरंच लांब आहे. पाईपमध्ये आवाज वाहतो, भौतिकशास्त्रात आम्हाला होतं ते. रांगेतून वाहत येत असेल.

हेमराज झोपेत "हा" म्हणाला.

शनिवार, संध्याकाळ

रांगेचं मी आबांना विचारलं. ते म्हणाले, पाईप एकमेकांना कधी जोडलेच नाहीत. प्रत्येकाच्या मध्ये माणूस जाईल एवढी फट आहे. मी जाऊन पाहिलं. आहे.

असो. वारा असेल.

दिवेलागणीला अक्का ओट्यावर आल्या आणि घळीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "नवल! ये रे बापू."

दोन बाजूंनी दोन माणसं आली. एकीकडून हेमराज, दुसरीकडून बकऱ्या हाकत एक दाढी वाढलेला माणूस, तसाच पांढरा शर्ट घातलेला. दोघं समोरासमोर आले आणि एकमेकांकडे बघून जागच्या जागी थांबले. मला हसू आलं. मी म्हटलं, "अक्का, दोन-दोन नवल?"

अक्का हसल्या नाहीत. "मना आंडोर शे तो," म्हणाल्या. माझा मुलगा आहे. कोणाकडे हात केला ते मला कळलं नाही.

आबांनी हळूच सांगितलं. नवल त्यांचा एकुलता एक मुलगा. पाईप आले त्या वर्षी रोटाच्या आदल्या दिवशी 'दोन दिवसांत येतो' म्हणून सुरतेला गेला. आला नाही. त्याची मूठ मात्र अक्का दरवर्षी घेतात, कारण घेतली नाही तर तो मेला असं होईल. ऐकून मला गलबललं. म्हातारीच्या समाधानासाठी दोन दिवस कोणी नवल झालं तर काय बिघडलं? हेमराजलाही मी तेच म्हटलं. आता वाटतं, म्हणायला नको होतं.

मग अक्का सूप घेऊन बसल्या. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत, म्हणून पहिली मूठ "घरधनीनी" म्हणून टाकली. मूठभर, वर चिमटीने पाव. दुसरी "नवलनी" आणि दाढीवाल्याकडे बघितलं. तिसरी "नवलनी" आणि हेमराजकडे बघितलं. हेमराज ओट्याच्या कडेला बसला होता, बारावीत बसला असेल तसा. तिसरी मूठ सुपात पडली आणि त्याने तोंड फिरवलं. तो रडत होता.

मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "अक्का, माझी मूठ?"

"बायास्नी मूठ ऱ्हास नही, माय."

हे मला पटलं नाही, आणि मी तसं बोललेही. आबा म्हणाले, "शिकेल वहू शे, बोली!" सगळे हसले. वहू म्हणजे सून. मीही हसले.

हसणं थांबल्यावर अक्कांनी चौथी मूठ घेतली. नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिल्या, चेहऱ्याकडे नव्हे, आणि ती मूठ सुपात न टाकता एका फडक्यात बांधली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"हाई आते नही. हाई पुढला वरीसनी."

आताची नाही, पुढच्या वर्षीची. बियाणं राखून ठेवतात तसं काही असावं.

जेवताना फोडणीच्या वासाने मला मळमळलं. अक्कांनी न विचारता चिंचेचा गोळा हातावर ठेवला. नंतर मी पाण्याचा हंडा उचलायला गेले तर, "हंडा नको उचलू वं," म्हणून ओढून घेतला. फार मायाळू बाई आहे. तरीही मला इथून जावंसं वाटतं आहे, आणि का, ते सांगता येत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट, सकाळ

अक्कांनी हिरवी साडी दिली आणि बांगड्या भरल्या. माप न घेता आणलेल्या होत्या, तरी बरोबर बसल्या. कानबाईची पूजा घरातल्या जोडप्याने करायची असते. आम्ही पाटावर बसलो. नारळाला डोळे, नथ, वर लाल पातळ. हेमराजचा हात धरून मी हळद वाहिली. त्याचा हात गरम आणि शांत होता. मंगळवारी मी लिहिलं होतं, मला माझा नवरा परत हवा आहे. एवढा आनंदी तो आमच्या लग्नातही नव्हता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

पूजेनंतर म्हटलं, "अहो, संध्याकाळच्या गाडीला चारला तरी निघायला हवं."

उत्तर अक्कांनी दिलं. "आज बसनी, सकाय उठी. तवलोंग घरना माणूस घर सोडस नही." तवलोंग म्हणजे तोपर्यंत, उद्या कानबाई उठेपर्यंत.

"अक्का, मला उद्या सकाळी कामावर रुजू व्हायचं आहे."

"कसानं काम? पाणी तपासानं?" आबा म्हणाले. "आठे पाणीज नही. काय तपासशी, पाईप?"

मी हेमराजला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "दोन दिवस उशिरा रुजू हो. लोक होतात."

"पहिल्याच दिवशी?"

"तुला तिकडे सगळं आहे, दिपा. मला तिकडे काय आहे?"

"मी आहे."

तो म्हणाला, "इथं माझी मूठ घेतली."

"तुमची नाही. नवलची."

माझ्या तोंडून गेलं ते. त्याने ऐकलं की नाही कळलं नाही. तो कानबाईपुढे जाऊन बसला.

मी घळीकडे गेले. दाढीवाला बकऱ्यांना पाला टाकत होता. त्याने आजूबाजूला बघून विचारलं, "ताई, किती दिवसांसाठी आलात?"

"दोन."

"मीही दोनच." त्याने आवाज आणखी खाली आणला. "प्रेमराज माझं नाव. भुसावळचा. काम सुटलं होतं, मन रमत नव्हतं. बायकोने मोबाईलवर ही जागा शोधली."

"तुमची मंडळी?"

"ती गेली. रोट खाल्ला नाही तिने."

"आणि तुम्ही का नाही गेलात?"

तो खरंच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, शाळेतला मुलगा पाढा आठवतो तसा. तेवढ्यात घरातून हाक आली, "नवल!" आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हा माय," म्हणत तो धावत गेला. बकऱ्या तशाच राहिल्या.

रविवार, नरडाणा स्टेशन

गाडी यायच्या आत लिहून ठेवते. नंतर मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी पानं वाढली. रोट, खीर, गिलक्याची भजी. माझ्या पानात अक्कांनी स्वतः रोट वाढला. "बठ्ठा घरमाज संपाडना पडस," म्हणाल्या. सगळा घरातच संपवावा लागतो. मी हात लावला नाही. पोट बरं नाही म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

हेमराजने पहिला घास घेतला. अक्का त्याच्या समोर वाकल्या. "गोड शे का रे?"

"हा माय, बठ्ठं गोड शे."

अमळनेरकडचा असून माझ्यासमोर तो कधी अहिराणी बोलला नव्हता. त्या बोलण्याची लाज वाटते असं एकदा म्हणाला होता, आणि मी त्याला भाषेच्या अभिमानावर भाषण दिलं होतं.

मी म्हटलं, "अहो."

त्याने वर पाहिलं नाही.

"हेमराज." आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत त्याला नावाने हाक मारली. तो खीर ओरपत होता. हातभर अंतरावर होता. मी पुन्हा मारली, मोठ्याने. आबांनी पाहिलं, प्रेमराजने मान खाली घातली. हेमराजला मात्र कोणी दुसऱ्याच माणसाला हाक मारतंय असं वाटलं असावं. त्याने दाराकडे पाहिलं, कोण आलं ते.

अक्का हळूच म्हणाल्या, "नवल."

"हा माय?"

मी उठले. आत जाऊन माझी साडी नेसले, पिशवी घेतली. बांगड्या निघेनात, त्या तशाच राहिल्या. कानबाईच्या पाटाशी ते फडकं होतं, गाठ मारलेलं. ते मी उचलून पिशवीत टाकलं. चोरी मी कधी केलेली नाही.

वळले तर अक्का दारात. मला वाटलं अडवतील. त्यांनी वाट सोडली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लई जाय," म्हणाल्या. "पुढला वरीस लई ये."

ने, आणि पुढच्या वर्षी घेऊन ये.

मी हेमराजसमोर उभी राहिले. म्हटलं, "मी निघते. तुम्ही चला." त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याकडे बघतो तसं, आदराने. म्हणाला, "ऊन फार शे. संभाळी जा."

फाट्यापर्यंत मी पळतच आले. मागच्या घळीतून वाऱ्याचा घुमघुमाट येत होता. वारा नव्हता. बाभळीचं पान हलत नव्हतं.

सोमवार, ४ ऑगस्ट

रुजू झाले. सही केली. मॅडम चांगल्या आहेत. बाबांचा फोन आला, "जावई काय म्हणतात?" मी म्हटलं, खूश आहेत. हे खरं आहे, त्याचंच रडू आलं.

मी त्याला सोडून आले की त्याने मला सोडलं? दिवसभर पाण्याचे नमुने मांडताना हेच चाललं होतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

दोन दिवस फोन लागत नव्हता. आज लागला. त्यानेच उचलला.

"कोन बोली ऱ्हायनं?"

"मी दिपा."

पलीकडे पाईपमधला घुमारा येत होता. मला वाटलं तो आठवतो आहे. कपाळाला आठ्या घातलेला त्याचा चेहरा मला दिसला. मी म्हटलं, "दिपमाला. रावेरची. तुमची..."

"माय बलाई ऱ्हायनी," तो म्हणाला, म्हणजे आई बोलावते आहे, आणि फोन बंद झाला.

मी पोलिसांत जाऊन काय सांगू? धडधाकट माणूस आपल्या मर्जीने, आनंदाने राहतो आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

उद्या पौर्णिमा.

प्रयोगशाळेत आज पुन्हा मळमळलं. शिपाई कुंदाबाईंनी मला बाजूला घेऊन काहीबाही विचारलं, तारखा विचारल्या. मी हिशोब करायला लागले आणि मध्येच थांबले. सोमवारी तपासायला जाईन. पाणी मी रोज तपासते, स्वतःची तपासणी करायला भीती वाटते.

घरी आल्यावर अक्कांच्या फडक्याचं गाठोडं समोर ठेवून बराच वेळ बसले. तिकडे परत न्यायचं ते हेच. हे असेपर्यंत पुढचं वर्ष येणार. फेकावं तर धान्य आहे, आणि ते कोणाच्या तरी नावाचं आहे. कोणाच्या, ते मी विचारलं तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, एवढं मला पक्कं आठवतं.

शेजारून सूप आणलं. माझ्या डब्यातले गहू घेतले. पहिली सव्वा मूठ माझ्या नावाची टाकली आणि नाव मोठ्याने घेतलं, दिपमाला. घरात कोणी नव्हतं तरी लाजल्यासारखं झालं. मग गाठ सोडून चौथी मूठ तिच्यात ओतली. तिचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून गप्प राहिले.

हेमराजच्या नावाने हात पुन्हा डब्यात गेला होता. तसाच मोकळा बाहेर काढला. त्याची तिकडे घेतली गेली आहे.

मिक्सरवर दळलं. जाडसर झालं. दोन पोळ्या झाल्या, कडेने करपलेल्या. घरच्यांनीच खायचं असतं, पौर्णिमेच्या आत, म्हणून दार आतून लावलं आणि दोन्ही मी खाल्ल्या. तुकडासुद्धा ठेवला नाही. फडकं धुऊन वाळत घातलं आहे.

आठवड्यात पहिल्यांदाच खाल्लेलं पोटात राहिलं आहे.